प्राथमिक शाळेचे हरित पथक : खड्डे जुलैचे, हिशेब मे महिन्याचा

दरवर्षी जुलैच्या पहिल्या आठवड्यात देशभरातील शाळांच्या आवारात वृक्षारोपण होते. खड्डे खणले जातात, रोपे येतात, पाहुणे येतात, छायाचित्रे निघतात. पुढील वर्षी त्याच आठवड्यात अनेक ठिकाणी त्याच खड्ड्यांत नवी रोपे लावली जातात. मधल्या काळात काय घडले, याची नोंद शाळेच्या दप्तरात सहसा सापडत नाही. मुलांनी मात्र ते पाहिलेले असते. स्वतःच्या हाताने लावलेले रोप एप्रिलमध्ये मान टाकताना ज्या मुलाने पाहिले आणि ज्याच्यापाशी त्याविषयी कोणी एक शब्दही काढला नाही, ते मूल एक धडा नक्कीच शिकते : झाड लावणे हा समारंभ असतो आणि झाड जगवणे हे कोणाचेच काम नसते. हा धडा पुसून टाकणे पुढे फार अवघड जाते.

प्राथमिक शाळेतील विद्यार्थ्यांचे हरित पथक यशस्वी व्हायचे असेल, तर त्याचे काम लागवडीने नव्हे, मोजणीने सुरू झाले पाहिजे आणि त्याचे मूल्यमापन उन्हाळ्याअखेरीस झाले पाहिजे. ही गोष्ट शेतकऱ्याला नव्याने सांगावी लागत नाही. विहिरीचे पाणी पाहूनच तो उन्हाळी पिकाचे क्षेत्र ठरवतो. शाळेच्या आवारालाही हाच नियम लागू आहे. म्हणूनच या कामात विस्तार कार्यकर्ते आणि प्रगतिशील शेतकरी यांचे मार्गदर्शन मोलाचे ठरते.

पार्श्वभूमी

शाळेत हाताने काम करून शिकण्याचा विचार आपल्याकडे जुना आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी मांडलेल्या नई तालीममध्ये शेती व बागकाम यांना शिक्षणाचे माध्यम मानले गेले. १९५० मध्ये तत्कालीन केंद्रीय अन्न व कृषिमंत्री कन्हैयालाल मुन्शी यांच्या पुढाकाराने वन महोत्सव सुरू झाला आणि जुलैचा पहिला आठवडा वृक्षारोपणाशी जोडला गेला. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शालेय शिक्षणात सक्तीचा करण्याचे निर्देश दिले. २००१-०२ पासून केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने राष्ट्रीय हरित सेना हा कार्यक्रम हाती घेतला. त्यातून देशातील एक लाखाहून अधिक शाळांत इको क्लब स्थापन झाले.

विद्यार्थ्यांच्या पथकाने काम कसे करावे, याविषयी दोन पद्धती विशेष उपयुक्त आहेत. १९९४ मध्ये युरोपात सुरू झालेल्या इको-स्कूल्स कार्यक्रमाची पहिली पायरी म्हणजे विद्यार्थ्यांची समिती आणि दुसरी पायरी म्हणजे परिसराची पाहणी. कृती आराखडा त्यानंतर येतो. दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राच्या हरित शाळा कार्यक्रमात विद्यार्थी हवा, ऊर्जा, अन्न, जमीन, पाणी आणि कचरा या सहा बाबींचे लेखापरीक्षण करतात. दोन्ही पद्धतींत आधी पाहणे, मोजणे आणि लिहिणे आहे, कृती नंतर आहे. आपल्या शाळांत हा क्रम पुष्कळदा उलटा होतो.

पथकाची रचना

पथक लहान असावे, पण ते कायमस्वरूपी असावे. इयत्ता तिसरी ते पाचवीच्या प्रत्येक वर्गातून चार ते पाच विद्यार्थी घेतल्यास बारा ते पंधरा जणांचे पथक तयार होते. पहिली-दुसरीच्या मुलांनी पाणी घालणे, पाने गोळा करणे, बी लावणे अशा कामांत सहभागी व्हावे. पाचवीचे विद्यार्थी दरवर्षी शाळा सोडतात. त्यामुळे तिसरीच्या मुलांना सुरुवातीपासून सोबत ठेवणे आवश्यक आहे. जुने सदस्य नव्या सदस्यांना नोंदवही समजावून देतात, हाच पथकाचा खरा पदग्रहण समारंभ होय.

कामे दर महिन्याला फिरती ठेवावीत. झाडलोट मुलींकडे आणि मोजमाप मुलांकडे, अशी वाटणी कटाक्षाने टाळावी. स्वच्छतेचे काम शिक्षा म्हणून कोणालाही देऊ नये. फुटकी काच, जुनी विजेरी, औषधांचा कचरा आणि कीटकनाशकांचे रिकामे डबे यांना मुलांनी हात लावू नये. असा कचरा दिसल्यास शिक्षकांना सांगणे, एवढेच त्यांचे काम. विहीर, शेततळे वा उघडी टाकी यांच्याजवळचे प्रत्येक काम मोठ्यांच्या उपस्थितीतच व्हावे.

पहिला महिना केवळ मोजणीचा

शाळा सुरू झाल्यानंतरचा पहिला महिना पथकाने काहीही न बदलता केवळ नोंदी घ्याव्यात. त्यासाठी एक वही, एक मोजपट्टी, एक तराजू आणि खुणा केलेले एक मोजपात्र पुरेसे आहे.

पाणी : गळणाऱ्या नळाखाली दहा मिनिटे मोजपात्र ठेवावे. समजा, १०० मिलिलिटर पाणी जमा झाले. तासाला ६०० मिलिलिटर आणि दिवसाला १४.४ लिटर, हा हिशेब चौथीच्या मुलांना सहज जमतो. वॉशर बदलल्यावर तीच मोजणी पुन्हा करावी. दोन आकड्यांमधील फरक मुलांना जे सांगतो, ते भिंतीवरील घोषवाक्य सांगू शकत नाही.

पाऊस : सरळ बाजूच्या, सपाट तळाच्या पारदर्शक बरणीला मिलिमीटरची पट्टी चिकटवून ती उघड्या जागी ठेवावी. भारतीय हवामान विभाग दररोज सकाळी साडेआठ वाजता चोवीस तासांच्या पावसाची नोंद घेतो आणि २.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झाल्यास तो पावसाचा दिवस मानतो. शाळेची वेळ वेगळी असल्यास स्वतःची एक वेळ ठरवून ती पाळावी.

अन्न : मध्यान्ह भोजनानंतर ताटात उरलेले अन्न एका बादलीत जमा करून त्याचे वजन करावे. कोणत्या दिवशी कोणती भाजी होती, हेही लिहावे. मात्र कोणत्याही मुलाचे नाव लिहू नये.

कचरा : आठवडाभराचा सुका कचरा वेगळा ठेवून खाऊची वेष्टने, कागद व इतर वस्तू मोजाव्यात. पेले, ताटल्या, स्ट्रॉ यांसारख्या एकदाच वापरायच्या ठरावीक प्लास्टिक वस्तूंवर देशात १ जुलै २०२२ पासून बंदी आहे. त्या शाळेच्या कार्यक्रमांत अजूनही येतात का, हे मुलांनाच मोजू द्यावे.

रोपांची संख्या कोणी ठरवावी?

छपरावर पडणाऱ्या पावसाचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शाळेचे छप्पर १०० चौरस मीटर आणि वार्षिक पाऊस ६०० मिलिमीटर असेल, तर ६० हजार लिटर पाणी पडते. त्यातील सुमारे ८० टक्के हाती लागते असे धरल्यास ४८ हजार लिटर होते. मात्र पाच हजार लिटरच्या टाकीत पाच हजार लिटरच मावतात. उरलेले पाणी शोषखड्ड्यातून जमिनीत मुरवता येते, पण मे महिन्यात ते बादलीत मिळेलच असे नाही.

हात धुण्याच्या पाण्याचेही तसेच. वाळू व खडीच्या थरातून गाळून हे पाणी केळी, कर्दळ किंवा झाडांच्या आळ्यांकडे वळवता येते आणि शाळा चालू असताना तो उत्तम उपाय आहे. परंतु ज्या दिवशी उन्हाळी सुट्टी लागते, त्याच दिवशी हे पाणी थांबते. रोपांना पाण्याची गरज सर्वाधिक असते, तेव्हाच शाळेत हात धुणारे कोणी नसते. बहुतेक आराखडे नेमके येथे फसतात.

म्हणून रोपांची संख्या मे महिन्यातील पाण्यावरून ठरवावी. एका रोपाला आठवड्यातून दोन वेळा प्रत्येकी १० लिटर पाणी धरल्यास सहा आठवड्यांच्या सुट्टीत १२० लिटर लागतात. सुट्टीत आठवड्याला २०० लिटर पाण्याचीच खात्री असेल, तर दहा रोपे लावावीत. पन्नास रोपे मोफत मिळत असली तरी दहाच लावावीत. उरलेली रोपे ज्यांच्या बांधावर पाणी आहे अशा पालकांना द्यावीत आणि ती कोणाकडे गेली, याची नोंद ठेवावी.

पाण्याची बचत करणारे जुने उपाय येथे उपयोगी पडतात. कच्च्या भाजणीचे, पाझरणारे मडके रोपापासून थोड्या अंतरावर गळ्यापर्यंत पुरून तोंड झाकावे. पाणी हळूहळू मुळांपाशी झिरपते आणि बाष्पीभवन कमी होते. आळ्यात पालापाचोळ्याचे जाड आच्छादन द्यावे, मात्र ते खोडाला टेकू देऊ नये. कडुनिंब, करंज, आवळा, जांभूळ, कवठ, शेवगा अशी स्थानिक हवामानात तगणारी आणि मुलांना सावली वा फळ देणारी झाडे निवडावीत.

पालापाचोळ्यापासून खत

शाळेच्या आवारातील पाने जाळण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. हरित पथकाने सर्वप्रथम हे जाळणे थांबवावे आणि त्यासाठी खताची जागा आखून द्यावी. सूक्ष्मजीवांच्या वाढीसाठी कर्ब व नत्र यांचे प्रमाण सुमारे २५ ते ३० : १ असावे लागते. मुलांना हे प्रमाण सांगण्याची गरज नाही. ओल्या हिरव्या कचऱ्याच्या एका टोपलीमागे कोरड्या पानांच्या तीन टोपल्या, एवढी खूणगाठ पुरे. मूठभर मिश्रण घट्ट दाबल्यावर बोटांमधून एक-दोन थेंब यावेत, धार लागू नये. दुर्गंधी येऊ लागल्यास पाणी जास्त झाले किंवा हवा कमी पडली, असे समजून कोरडी पाने मिसळावीत.

यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे शेतकरी नारायण देवताव पांढरीपांडे यांनी विकसित केलेली आणि त्यांच्याच आद्याक्षरांनी ओळखली जाणारी नाडेप पद्धत शाळेसाठी लहान आकारात वापरता येते. विटांच्या भिंतीत हवेसाठी झरोके ठेवून काडीकचरा, शेणकाला आणि माती यांचे थर द्यावेत व वरून लिपून घ्यावे. साधारणतः ९० ते १२० दिवसांत खत तयार होते. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी भरलेली टाकी उन्हाळ्यापूर्वी उघडता येते. आपण गोळा केलेली पाने मातीसारखी झालेली पाहणे, हा त्या वर्षातील महत्त्वाचा पाठ ठरतो.

ताटातील उरलेल्या अन्नाबाबत मात्र खत हा दुसरा उपाय आहे. पहिला उपाय म्हणजे अन्न कमी उरेल असे पाहणे. मागेल तेवढे आधी थोडे, मग पुन्हा, या पद्धतीने वाढल्यास बादलीचे वजन कमी होते का, हे पथकाने तपासावे.

परसबाग : अपेक्षा आणि वास्तव

प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजनेत प्राथमिक वर्गातील प्रत्येक विद्यार्थ्यासाठी रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी असे प्रमाण ठरलेले आहे. १२० विद्यार्थ्यांच्या शाळेला रोज सहा किलो भाजी लागते. चांगल्या व्यवस्थापनात मेथीचे उत्पादन हेक्टरी साधारण ७ टन धरल्यास एका चौरस मीटरमधून ७०० ग्रॅम मेथी मिळते. म्हणजे दहा चौरस मीटरचा वाफा महिनाभर सांभाळल्यावर सात किलो भाजी हाती येते आणि ती शाळेला जेमतेम एक दिवस पुरते.

हा हिशेब निराश करण्यासाठी नाही. शाळेची परसबाग बाजाराची जागा घेत नाही, परंतु एक दिवसाची भाजी पिकवायला किती जागा, किती पाणी आणि किती दिवस लागतात, हे ती मुलांना प्रत्यक्ष दाखवते. ज्या दिवशी स्वतःच्या वाफ्यातील मेथी ताटात येते, त्या दिवशीच्या उरलेल्या अन्नाचे वजन इतर दिवसांशी जरूर ताडून पाहावे. शेवगा, कढीपत्ता, लिंबू, पपई अशी एकदा लावून दीर्घकाळ उपयोगी पडणारी पिके परसबागेच्या कडेला घ्यावीत.

किडीकडे पाहण्याची दृष्टी

शाळेच्या परसबागेत रासायनिक कीटकनाशकांची फवारणी करू नये. त्याऐवजी तेथे निरीक्षणाचा तास घ्यावा. लिंबू किंवा कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसणारा ठिपका बारकाईने पाहिल्यास तो लिंबावरील फुलपाखराची लहान अळी असल्याचे कळते. मोठी होताना ती हिरवी होते. काही पाने खाल्ली जातात, परंतु कोशातून फुलपाखरू बाहेर पडताना मुले पाहतात. रुईच्या पानांवर प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्या सापडतात.

शेतीच्या दृष्टीने सर्वांत उपयुक्त निरीक्षण ढालकिड्याचे आहे. त्याचा प्रौढ कीटक अनेकांना ओळखता येतो. त्याची काळसर, काटेरी दिसणारी अळी मात्र कीड समजून मारली जाते. वास्तविक ही अळीही मावा खाते. मावा पडलेल्या एका फांदीवर पथकाने रोज मावा आणि ढालकिड्याच्या अळ्या मोजाव्यात व आठवडाभराचा आलेख काढावा. हे मूल घरी जाऊन शेतातील मित्रकीटक दाखवू शकते. फवारणीपूर्वी पानाची खालची बाजू पाहण्याची सवय त्यातून एखाद्या घरात लागू शकते.

शाळेतून शेताकडे

सोयाबीन पिकवणाऱ्या महाराष्ट्र व मध्य प्रदेशातील गावांत हरित पथक आणखी एक काम करू शकते. घरच्या बियाण्यातील शंभर दाणे ओल्या गोणपाटावर ओळीने ठेवून गुंडाळी करावी, ती ओलसर ठेवावी आणि काही दिवसांनी निरोगी कोंब असलेले दाणे मोजावेत. शंभरातील जितके उगवले, तितके टक्के उगवणक्षमता. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्यासाठी किमान ७० टक्के उगवणक्षमता आवश्यक मानली जाते. पथकाने ही पद्धत एप्रिलमध्ये शाळेत शिकावी आणि पेरणीपूर्वी मुलांनी ती घरी पुन्हा करावी, कारण साठवणुकीत सोयाबीनची उगवणक्षमता घटत जाते. शेकडेवारीचा हा पाठ एखाद्या कुटुंबाला दुबार पेरणीच्या एका कारणापासून वाचवू शकतो.

सुट्टीचा करार

मार्चअखेरीस पथकाने एक साधा तक्ता तयार करावा. त्यात प्रत्येक रोपाचा क्रमांक, पाणी घालण्याचे वार, पाण्याचा स्रोत आणि जबाबदार कुटुंबाचे नाव असावे. शाळेजवळ राहणारी चार-पाच कुटुंबे आळीपाळीने हे काम करू शकतात. पाणी कोठून मिळेल, हे ग्रामपंचायत, शाळा व्यवस्थापन समिती किंवा शेजारचा विहीरधारक शेतकरी यांच्याशी सुट्टीपूर्वीच ठरवावे. लहान मुलांवर उन्हात पाणी वाहण्याचा भार टाकू नये. सकाळी लवकर, मोठ्या माणसासोबत आणि पेलेल इतकेच काम त्यांनी करावे.

हे वेळापत्रक प्रत्येक प्रदेशाने आपल्या हवामानानुसार बदलावे. तमिळनाडूच्या किनारी भागात मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो, तेव्हा जुलैची लागवड तेथे चुकीची ठरू शकते. हिमालयातील अनेक शाळांना मोठी सुट्टी हिवाळ्यात असते. तेथे उन्हापेक्षा दहिवराचा आणि बर्फाचा विचार आधी करावा लागतो. आपल्या भागातील सर्वांत कठीण महिना कोणता, हे ओळखणे आणि त्या महिन्यापासून मागे मोजत येणे, हे सूत्र मात्र सर्वत्र सारखेच आहे.

विस्तार कार्यकर्त्यांची भूमिका

विस्तार कार्यकर्त्याने शाळेत रोपे घेऊन जाण्यापूर्वी प्रश्न घेऊन जावे. पाणी किती, माती कोणती, सुट्टीत जबाबदार कोण? पहिल्या भेटीत मातीचा नमुना काढण्याचे प्रात्यक्षिक द्यावे. दुसऱ्या भेटीत खताची टाकी भरून दाखवावी. तिसरी भेट फेब्रुवारी-मार्चमध्ये, उन्हाळ्याच्या नियोजनासाठी असावी. चौथी भेट शाळा पुन्हा उघडताना द्यावी आणि ती चुकवू नये. प्रगतिशील शेतकऱ्याने वर्षातून एकदा पथकाला आपल्या शेतावर बोलवावे आणि यशासोबत फसलेला प्रयोगही दाखवावा.

अहवालात लावलेल्या रोपांच्या आकड्याशेजारी जगलेल्या रोपांचा आकडा अनिवार्य असावा. मेलेल्या रोपापुढे कारण लिहावे : पाणी मिळाले नाही, शेळीने खाल्ले, मुळे गुंडाळलेली होती, जागा चुकली. पथकातील मुलांनी हे कारण स्वतः शोधावे. त्यासाठी कोणाला रागावू नये, कारण ओरडा बसला की पुढील वर्षीपासून नोंदी खोट्या होऊ लागतात.

जून महिन्यात शाळा उघडल्यावर पथकाने आवारात पहिली फेरी मारावी आणि फळ्यावर दोन आकडे लिहावेत : लावलेली रोपे आणि जगलेली रोपे. पहिला आकडा दहा आणि दुसरा आठ असेल, तर त्या शाळेला आठ झाडे मिळाली. उरलेली दोन का गेली, हे पंधरा मुलांना ठाऊक असेल. जुलैत किती खड्डे घ्यायचे, हे मग त्याच मुलांना विचारावे.